पत्रं पोचली का?

कागद स्कॅन झाले की काम संपलं, असं आपण धरून चालतो. बडोद्यात हे मी गेली काही वर्षं जवळून पाहतोय. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात, मांडवीच्या आसपास जुनी मराठी घरं एकेक करून पाडली जातायत, त्या जागी फ्लॅट उभे राहतायत, आणि माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंका नाइलाजाने खाली येतायत. उघडल्या की आत मोडीतले हिशेब, गायकवाडी नोकरीतले हुकूम, सोयरिकीची पत्रं, औषधांची टिपणं, कुणाच्या तरी मुंजीच्या खर्चाची यादी. घरातलं एखादं तरुण पोर स्कॅनर आणतं, सुट्टीत बसून सगळं उतरवून घेतं. घरचे समाधान पावतात. आणि तो सगळा ठेवा एका लॅपटॉपच्या एका डिस्कवर जाऊन बसतो. लॅपटॉप त्याच घरात, बहुधा त्याच खोलीत.

विश्वामित्रीच्या पुराने २०१९ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ मध्ये शहरातले कितीतरी तळमजले बुडवले. मगरी वस्तीत आल्याची छायाचित्रं देशभर फिरली. भिजलेल्या कपाटांकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. ज्या घरात पाणी शिरलं तिथे कागद आणि त्याची डिजिटल प्रत एकाच पाण्याच्या तावडीत होती. म्हणून माझं मत आता ठाम आहे. कागदाची प्रत दुसऱ्या गावी पोचली, जशीच्या तशी पोचली, आणि ती तशी पोचली हे आपल्याला दाखवता आलं, तरच तो कागद वाचला म्हणायचं.

मी पोटापाण्यासाठी सर्व्हर सांभाळतो, त्यामुळे आत्याच्या घरच्या ट्रंकेचं काम आपसूक माझ्याकडे आलं. तिच्या सासऱ्यांचा आणि पुण्यातल्या त्यांच्या भावाचा पत्रव्यवहार, बराचसा मोडीत. एक प्रत पुण्याला तिच्या मुलीकडे, म्हणजे आमच्या ताईकडे जायची होती, दुसरी टोरांटोला भाच्याकडे. घरच्यांनी साहजिकच सुचवलं, की चॅटवर ग्रुप काढ आणि टाकत जा रोज थोडी. ते मात्र मी ठामपणे नको म्हटलं.

ए-फोर आकाराचं एक पान ३०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरून, रंगीत, न दाबता टिफ फाइलमध्ये ठेवलं तर २४८० गुणिले ३५०८ ठिपके, दर ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे साधारण २६ एमबी होतात. तेच पान चॅटवर फोटो म्हणून पाठवलं की ते काहीशे केबीपर्यंत आवळलं जातं. छापील मजकूर त्यातही वाचता येतो. मोडीचं तसं नाही. मोडीत हात न उचलता अक्षरं एकमेकांत ओढत नेलेली असतात. बोरूचा फटकारा कुठे बारीक झाला, कुठे वळला, यावर अख्खा शब्द ठरतो. तो बारीक धागाच या आवळण्यात पुसट होतो. शिवाय फाइलचं नाव बदलतं, तारीख बदलते, आणि कोणत्या ट्रंकेतलं कितवं पान हा धागाही तुटतो. पाहणाऱ्याला वाटतं पत्र मिळालं. मिळालेलं असतं त्या पत्राचं चित्र.

त्यामुळे काळी खिडकी उघडावी लागते. टर्मिनल. बटणं नाहीत, चित्रं नाहीत, एक लुकलुकणारी रेघ आणि तुम्ही टाइप केलेलं वाक्य. आरसिंक हा शब्द, म्हणजे फाइली एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या साधनाचं नाव, मग काही स्विच, म्हणजे काम कसं करायचं हे सांगणारे छोटे शब्द, मग कुठून, मग कुठे. बऱ्याच जणांना ही खिडकी बघून धास्ती वाटते. मला उलट तीच जास्त बोलकी वाटते, कारण काय केलं आणि काय राहिलं ते ती ओळीओळीने सांगते. माउसने फोल्डर ओढून टाकला आणि मध्येच वीज गेली, तर नेमकं कुठवर आलं होतं हे सांगणारं कुणी नसतं.

या कामाची मुळं शोधत गेलं तर सुरुवातीलाच एक आपला माणूस भेटतो. अभय भूषण. जन्म अलाहाबादचा, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतला विद्यार्थी. एप्रिल १९७१ मध्ये अमेरिकेत एमआयटीत असताना त्यांनी आरएफसी ११४ हा दस्तऐवज लिहिला, आणि एफटीपी नावाची फाइल पाठवण्याची रीत जन्माला आली. त्या वेळी आर्पानेटवरची, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या अमेरिकन जाळ्यावरची, यंत्रं एकमेकांपासून इतकी वेगळी, की एकाचं अक्षर दुसऱ्याला कळेल याचीही खात्री नव्हती. त्यांच्यात फाइल जावी म्हणून दोन्हीकडे सारखं पाळता येईल असं बोलणं ठरवून देणं, हे मोठं काम होतं. कानपूरला शिकलेला एक पोरगा हे करून गेला हे आपल्याकडच्या शाळांमध्ये सांगितलं जायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

एफटीपीत एक उणीव होती आणि ती त्या काळाला साजेशी होती: पासवर्ड उघडा जायचा. तारेवर कान लावून बसलेल्या कुणालाही तो वाचता यायचा. १९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर असाच पासवर्ड चोरण्याचा प्रकार झाला, आणि तिथल्या तातू यिलोनेन यांनी एसएसएच लिहिलं, म्हणजे दोन यंत्रांमधलं बोलणं कुलूपबंद करून नेणारी रीत. त्याचा पोर्ट, म्हणजे यंत्रावरच्या दाराचा नंबर, २२. एफटीपीचा २१, दूरच्या यंत्रावर काम करू देणाऱ्या टेलनेटचा २३, आणि ज्या दोघांची जागा घ्यायची त्यांच्या अगदी मधली जागा त्यांनी मागून घेतली. आज आपण आरसिंक चालवतो ते बहुतेक वेळा याच एसएसएचच्या बोगद्यातून. पासवर्डऐवजी किल्ल्यांची जोडी करता येते: खाजगी किल्ली आपल्या यंत्रावर राहते, सार्वजनिक किल्ली समोरच्याकडे ठेवायची. मी ताईला हे फोनवर समजावून दिलं तेव्हा तिने एकच विचारलं, "म्हणजे माझ्याकडची किल्ली कुणाला द्यायची नाही ना?" एवढं समजलं की पुरे.

आता आरसिंक. यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण इतकी देखणी कल्पना रोजच्या वापरात फार थोड्या वेळा हाती लागते.

अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी जून १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातून हे साधन जाहीर केलं. प्रश्न असा होता. एक मोठी फाइल बडोद्याला आहे, तिची जुनी आवृत्ती पुण्याला आहे. दोन्हींत फरक थोडासाच. पण फरक शोधायचा तर दोन्ही फाइली एका टेबलावर हव्यात, आणि एका टेबलावर आणायच्या तर एक पूर्ण पाठवावीच लागेल. मग वाचलं काय?

दोन गावच्या दोन पेढ्यांवर एकाच खात्याच्या वह्या आहेत असं समजा. पुण्याचा कारकून वही न पाठवता फक्त दर पानाची बेरीज लिहून पाठवतो. बडोद्याचा कारकून आपली पानं त्या बेरजांशी ताडून बघतो आणि जिथे जुळत नाही तेवढंच पान लिहून पाठवतो. इथवर सोपं आहे. पण बडोद्याच्या वहीत पहिल्याच पानावर एक ओळ नवी घुसली असेल तर? पुढची प्रत्येक ओळ एकेक घर खाली सरकते, सगळ्या पानांच्या बेरजा बदलतात आणि काहीच जुळत नाही. ट्रिजेल यांची करामत इथे आहे. पुण्याकडचं यंत्र फाइलचे ठरावीक आकाराचे तुकडे करतं आणि प्रत्येकाच्या दोन खुणा पाठवतं, एक हलकी आणि एक पक्की. बडोद्याकडचं यंत्र मात्र तुकड्यांच्या कडा मानत नाही. ते त्याच मापाची चौकट आपल्या फाइलवर एकेक बाइट सरकवत नेतं आणि प्रत्येक थांब्यावर हलकी खूण जुळते का बघतं. ही हलकी खूण अशी बांधली आहे की एक बाइट पुढे सरकताना सगळी बेरीज नव्याने करावी लागत नाही; मागे पडलेला बाइट वजा करायचा, पुढे आलेला मिळवायचा. जुळलीच, तर पक्की खूण तपासायची. जे सापडलं ते पाठवायचं नाही, फक्त "तुझा अमुक नंबरचा तुकडा घे" एवढं सांगायचं. जे सापडलं नाही तेवढेच बाइट जातात. शेवटी पुण्याला जुळवलेल्या पूर्ण फाइलची खूण पुन्हा बडोद्याच्या खुणेशी ताडली जाते.

खरं सांगायचं तर स्कॅन केलेल्या पानांना या करामतीचा फारसा उपयोग नाही. पान एकदा स्कॅन झालं की ते बदलत नाही. तिथे आरसिंकचा साधा गुण कामाला येतो: दोन्हीकडच्या फाइलचा आकार आणि बदलाची वेळ सारखी असेल तर ती तो सोडून देतो. म्हणून हजार पानं जाऊन झाल्यावर पुन्हा तीच आज्ञा दिली तर उरलेलीच जातात. हजार पानं म्हणजे २६ जीबी. अपलोडचा वेग १० एमबीपीएस असला तर जवळजवळ पावणेसहा तास लागतात. बडोद्याच्या पावसाळ्यात एवढा वेळ वीज आणि इंटरनेट एकत्र टिकतील याचा भरवसा नसतो. 'पार्शल' नावाचा स्विच दिलेला असला की तुटलेली फाइल टाकून न देता पुढच्या वेळी तिच्यापासूनच उचलली जाते.

फरकाची करामत कामाला येते ती सूचीला. कोणतं पत्र कोणी कोणाला, कधी लिहिलं, याची सूची रोज वाढते. ती मी साध्या सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुरात, ठेवतो. एक्सेलची फाइल आतून झिप करून दाबलेली असते. एक ओळ बदलली तरी पुढचे बाइट बदलून जातात आणि सरकत्या चौकटीला ओळखीचं फारसं काही सापडत नाही. साधा मजकूर साधाच ठेवावा.

एका संध्याकाळी आत्या माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसली होती.

"पाठवलंस का रे?"

"चाललंय, आत्या."

"चाललंय म्हणजे कुठवर गेलं?"

मी तिला पडदा दाखवला. फाइलचं नाव, टक्के, वेग, उरलेला वेळ. तिने चष्मा वर केला आणि एकेक नाव वाचायला लागली. सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस. मग म्हणाली, "हे मामंजींचं आजारपणातलं पत्र असणार. चल, ते तरी गेलं." त्या पत्राचा नंबर तिला पाठ होता, कारण सूची तिनेच सांगितली होती आणि मी लिहून घेतली होती.

फाइलला नंबर का, नाव का नाही, हे सांगायला हवं. सुरुवातीला मराठी नावंच ठेवावीत असं मलाही फार वाटत होतं. पण मराठीतलं एक अक्षर या प्रवासात फार त्रास देतं, आणि ते आपल्याशिवाय कुणाला फारसं लागत नाही: ऱ. 'दुसऱ्या पेटीतील पत्रे' हे नाव घ्या. यातला 'दुसऱ्या' युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या चिन्हांना नंबर देणाऱ्या यादीत, सात चिन्हांचा: द, उकार, स, ऱ, हलंत, य, काना. ती चिन्हं बाइटमध्ये लिहिण्याची रीत म्हणजे यूटीएफ-८, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तिच्यात तीन बाइट खातं, म्हणजे २१ बाइट. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस व्यवस्थेत मात्र नाव साठवताना ऱ फोडून र आणि खालचा नुक्ता असे दोन भाग केले जातात. चिन्हं आठ, बाइट २४. तिसरी रीत म्हणजे र, हलंत आणि त्यामागे न दिसणारा जोडक. जुन्या कीबोर्डांवरून कितीतरी लोक असंच लिहितात. तीही २४ बाइट, पण वेगळे. डोळ्यांना तिन्ही सारखीच दिसतात. यंत्राला ती तीन वेगळी नावं आहेत. त्यामुळे एकाच फोल्डरच्या दोन प्रती शेजारीशेजारी उभ्या राहतात आणि कितीही डोळे ताणले तरी फरक दिसत नाही. पहिल्या दोन रूपांसाठी आरसिंकमध्ये 'आयकॉन्व्ह' हा स्विच आहे, तो जाताजाता रूप बदलून घेतो. तिसऱ्या रूपाला तो उपायही चालत नाही, कारण युनिकोडच्या नियमाने ते पहिल्या दोघांच्या बरोबरीचं धरलंच जात नाही. तिथे नाव हाताने दुरुस्त करायचं.

त्यात लांबीची मर्यादा. लिनक्सवर सहसा फाइलच्या नावाला २५५ बाइट मिळतात. इंग्रजीत ती २५५ अक्षरं. आपल्याकडे ८५ चिन्हं, आणि काना-मात्रा-हलंत सगळे त्यात मोजले जातात. 'पत्र' एवढ्याशा शब्दाची चार चिन्हं होतात. 'कै. अमुक यांनी तमुक यांस चिरंजीवांच्या मुंजीनिमित्त' अशी नावं द्यायची आपली हौस ८५ मध्ये मावत नाही. म्हणून फाइलला नंबर आणि मराठी सगळं सूचीत. सूचीत आजोबांचं नाव हवं तितकं लांब लिहा, कुणी कापणार नाही.

दोन बारीक गोष्टी नवख्याला आवर्जून सांगाव्यात. मूळ फोल्डरच्या नावामागे तिरकी रेघ, म्हणजे स्लॅश, दिली तर फोल्डरच्या आतलं सामान जातं. दिली नाही तर फोल्डरच सामानासकट जातो. आणि 'एन' हा स्विच, कोरडी तालीम. तो दिला की काय काय जाईल याची यादी दिसते, जात काहीच नाही. यादी वाचावी, मग 'एन' काढून पुन्हा चालवावं. 'डिलीट' नावाचाही एक स्विच आहे, तो मूळ ठिकाणी नसलेल्या फाइली समोरूनही काढून टाकतो. घरच्या दप्तरासाठी तो वापरूच नये असं माझं मत आहे. इथे चुकून पुसलेलं पत्र तिथे टिकावं म्हणूनच तर तिथे प्रत ठेवली.

रस्ता मिळणं हाही एक भाग असतो. आपल्याकडच्या घरगुती इंटरनेटमध्ये पुष्कळदा अनेक ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता असतो, त्यामुळे बडोद्याच्या घरातून पुण्याच्या घराचं दार थेट ठोठावता येत नाही. मध्ये भाड्याचा एक छोटा सर्व्हर घेतला की दोन्ही घरं आपापल्या बाजूने तिथे जोडता येतात. पहिली मोठी प्रत मात्र मी डिस्कवर भरून पुण्याला जाणाऱ्या नातेवाइकाच्या हातीच दिली. पावसाळ्यातल्या तारेपेक्षा ती गाडीने खात्रीने पोचते. डिस्क जुन्या फॅट-३२ पद्धतीने तयार केलेली नसावी एवढं बघितलं. त्या पद्धतीत ४ जीबीची फाइल मावत नाही, आणि वेळ दोन-दोन सेकंदांच्या पायरीने नोंदली जाते, त्यामुळे आरसिंकला न बदललेल्या फाइलीही बदललेल्या वाटू शकतात. तशीच डिस्क हाती असेल तर 'मॉडिफाय विंडो' या स्विचला एक सेकंद द्यावा.

बडोद्यात वाचनाची वस्तू पेटीत भरून गावोगाव पाठवणं नवं नाही. १९१० मध्ये सयाजीराव महाराजांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावलं, मध्यवर्ती ग्रंथालय उभं केलं, आणि फिरत्या वाचनालयाच्या पेट्या खेड्यांकडे निघाल्या. १९०६ मध्ये राज्यभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण आलेलं होतं. शिकलेल्या माणसाच्या दारापर्यंत पुस्तक जायला हवं, ही त्यापुढची पायरी होती. या गावात वाढलेल्या माणसाला एखाद्या कागदाची प्रत एकाच कपाटात अडकून राहावी हे खटकतंच.

आरसिंक फाइल पाठवताना तपासतो, पण वर्षा-दोन वर्षांनी डिस्कवर ती तशीच आहे का, हे वेगळं बघावं लागतं. त्यासाठी शा-२५६. कोणत्याही फाइलचा तो ६४ चिन्हांचा ठसा काढतो. २६ एमबीच्या पानातला एक बिट उलटला तरी ठसा ओळखू न येण्याइतका बदलतो. सगळ्या पानांच्या ठशांची यादी एका फाइलमध्ये करायची, ती तिन्ही घरी पाठवायची, आणि अधूनमधून प्रत्येकाने आपल्याकडच्या पानांशी ताडून बघायची. एक आज्ञा, मग प्रत्येक पानापुढे 'ओके'. त्या यादीचाही ठसा काढून तो मी कागदावर छापला आणि ट्रंकेत, मूळ पत्रांच्या वर, ठेवला. ताईने तिच्याकडची यादी तपासली तेव्हा आम्ही फोनवर तो ठसा एकमेकांना वाचून दाखवला, चार-चार चिन्हं करून. पलीकडून ती "पुढे" म्हणायची आणि मी पुढची चार वाचायचो. पूर्ण ६४. पहिली आणि शेवटची चार जुळली की बस, असं बरेच जण म्हणतात. मला सगळीच वाचायची होती, तिलाही.

आता उलट्या दिशेची वाहतूक सुरू झाली आहे. ताई मोडी शिकली, आणि एकेक पत्र वाचून त्याचं बाळबोध लिप्यंतर टाइप करतेय. प्रत्येक पानाच्या नंबरची एक छोटी मजकुराची फाइल, दोन-तीन केबीची. आरसिंक एका वेळी एकाच दिशेने चालतो; दोन्हीकडून एकाच फाइलवर हात फिरला तर नंतर पाठवणाऱ्याचं पहिल्याच्या वर बसतं. म्हणून आम्ही वाटणी ठरवून घेतली आहे. स्कॅनचा आणि सूचीचा फोल्डर बडोद्याचा, तो फक्त इथून तिकडे जातो. लिप्यंतराचा फोल्डर पुण्याचा, तो फक्त तिकडून इथे येतो. दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये दुरुस्ती सुचली तर फोन करून सांगायची, स्वतः करायची नाही. भाचा दोन्ही घेतो, आणि त्याच्याकडून काही बदलू नये म्हणून त्याला फक्त वाचायची परवानगी दिली आहे. आजारपणातल्या पत्राचं लिप्यंतर गेल्या आठवड्यात आलं. त्यात आत्याने नाव वाचून दाखवलेल्या एका गावाबद्दल ताईला शंका आहे. ती म्हणते तिथे 'सावली' नसून 'साधली' असावं. मूळ २६ एमबीचं पान मोठं करून पाहिल्यावर मलाही तिचंच वाचन बरोबर वाटतंय, पण आत्या अजून कबूल होत नाही.